माशाचे डोळे पाहायला आलेला माणूस

“एक डोळा का दोन्ही?” चपला काढायच्या आधीच त्या माणसानं विचारलं.

“कोनाचा?” दुर्गाबाईंनी त्याला दारातच अडवलं.

“माशाचा, बाई. मी चैतराम, गोंदियाचा. मासळी खात्यातून रिटायर झालो. तुमच्या प्रेमलालचं पत्र आलतं.”

दुर्गाबाईंनी त्याला पागोट्यापासून पायापर्यंत पाहिलं. परीटघडीचं धोतर, खिशाला पेन, काखेत छत्री. माशाच्या डोळ्यांसाठी कोणी इतकं नटून छोट्या रेल्वेगाडीनं बालाघाटला येतं, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्यांचा मुलगा प्रेमलाल मँगनीजच्या खाणीच्या कचेरीत कारकून होता. सहा महिन्यांपूर्वी खाणीचे साहेब बदलून गेले, तेव्हा काचेची टाकी आणि चार सोनेरी मासे त्याच्या गळ्यात घालून गेले. त्यांतल्या एकाचे डोळे आता कोटाच्या बटणांसारखे बाहेर आले होते.

पण दुर्गाबाईंना माशाची नव्हे, प्रेमलालची काळजी होती. त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. मुलीकडचे लोक रीतसर पाहायला येण्याआधी एखादा अनोळखी माणूस काहीतरी निमित्त काढून घर पाहून जातो, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वेळी एक जण रस्ता विचारायला आला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या वेळी एक विमा विकायला आला आणि विमा न विकताच गेला. आता लांजीच्या सरिताचं स्थळ चालू होतं. ते हातचं गेलं, तर प्रेमलालला चौथं कोणी विचारणार नव्हतं.

चैतराम टाकीला नाक लावून बसला. “दोन्ही डोळे आलेत. एकच असता तर म्हटलं असतं, दगडावर आपटला. दोन्ही म्हंजे पाण्यातच बिघाड. घरात बिडी कोन ओढते?”

“बिडी?” दुर्गाबाई सावध झाल्या. “आमच्या घरात कोनी नावही काढत नाई.”

“पाण्याले तंबाखूचा वास येऊन राह्यला.”

“साहेबाच्या वेळचा असन.”

“साहेबाले जाऊन सहा महिने झाले ना?”

“साहेब लय ओढे.”

चैतरामनं वहीत काहीतरी लिहिलं. “अन् पोरगा घरी कधी येते?”

“काहून?”

“दाना कोन टाकते, कधी टाकते, ते समजाले पाह्यजे.”

“दिवे लागायच्या आत येते. हातपाय धुते, पोथी वाचते, मंग दाना टाकते.”

एवढं बोलून दुर्गाबाई मागच्या पडवीत गेल्या. तिथं जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई सकाळपासून बोचकं सोडून बसली होती.

“पाह्यलं का?” दुर्गाबाई कुजबुजल्या. “पोरगा घरी कधी येते विचारते! माशाचं निमित्त हाय. हा लांजीचा मानूस.”

“असं का माय?” भांडेवालीनं प्रेमलालचा शर्ट उजेडात धरला. “याले तं भोकंच भोकं हायत.”

“हळू बोल ना! बिडीची हायत ते. पडल्या पडल्या ओढते अन् थोटकं टाकते त्या टाकीत. पन कापड मजबूत हाय.”

“अन् हा डाग?”

“मोहाच्या दारूचा. उकव्याच्या खाणीवरचे दोस्त भेटले का होते थोडं.”

“रोज नाई ना?”

“रोज कायले? पगार झाला का आठ दिवस.”

“तेवढं तं चालतेच,” भांडेवाली म्हणाली. “हात तं उचलत नाई ना कोनावर?”

“मायवर कोन हात उचलन?” दुर्गाबाईंनी पदरानं कोपराजवळचा काळानिळा वळ झाकला. “पोरगी लय गरीब हाय म्हनतात. ती आली का तिनं सांभाळावं त्याले. मी थकली आता.”

भांडेवालीची नजर त्या पदरावर थांबली. मग तिनं घासाघीस न करता दोन शर्टांवर दूध तापवायचं मोठं जर्मनचं पातेलं काढून दिलं. दुर्गाबाईंना तिची कीव आली. असा धंदा केला तर ही बाई दिवाळीपर्यंतही टिकायची नाही.

मग त्यांनी पुऱ्या तळल्या. चैतराम दोन म्हणत होता, त्याला सात खाव्या लागल्या.

“या माशाले वेगळ्या घमेल्यात ठेवा,” तो ढेकर आवरत म्हणाला. “पाण्यात चिमूटभर जुलाबाचं मीठ टाका.”

“माशाले जुलाब?”

“डोळ्यामागची सूज उतरते त्यानं. अन् टाकीतलं चौथाई पानी रोज बदला. नवं पानी रातभर उघडं ठेवून मंग टाका.”

सगळं पाठ करून आला आहे, दुर्गाबाईंच्या मनात आलं. त्याला निरोप देताना त्या गोड हसल्या. “पुढच्या खेपेले लेकीलेही आना.”

“मले लेक नाई, बाई. दोन पोरंच हायत.”

“हौ, हौ. मंग भतीजी म्हना!”

चैतरामनं त्यांच्याकडे पाहिलं, ढगाळ हवेत छत्री उघडली आणि मागं न पाहता स्टेशनाचा रस्ता धरला. या वेळी आपण जिंकलो, अशी दुर्गाबाईंची खात्री झाली. भांडेवाली कधी उठून गेली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ती बस स्टँडवर पोचली तेव्हा लांजीची मोटर सुटायच्या बेतात होती. एक पोक्त गृहस्थ घाईनं खाली उतरला. त्यानं तिच्या डोक्यावरचं बोचकं उतरवलं, तिला पाण्याचा लोटा दिला आणि हलक्या आवाजात विचारलं, “कसं वाटलं घर, ताई? आपल्या सरिताले द्यायचं का तिथं?”