जावयाची बदली

जावई दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा कडी काढावी की आणखी घट्ट लावावी, हे सासूबाईंना कळेना. आजवर तो रस्त्यापलीकडे, इस्त्रीवाल्याच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचा. रस्ता ओलांडून इकडे कधी आला नव्हता.

तो साध्या कपड्यातला पोलीस होता. सासूबाईंच्या सुनेवर, म्हणजे वकीलबाईंवर, सरकारने बसवलेला. घरी कोण येतं, कोण जातं, बाई कधी निघतात, कुठे जातात, एवढं पाहायचं आणि वर कळवायचं. जावई हे नाव सासूबाईंनीच ठेवलं. दिवसभर आयतं बसायचं आणि चहाची वेळ झाली की बरोबर या घराकडे नजर लावायची. दुसरं काय म्हणणार? शिव्या घालत घालत त्यांनी कित्येकदा त्याला चहाही पाठवला होता.

वकीलबाई पोलीस कोठडीत मेलेल्यांचे खटले चालवत. पुढच्या आठवड्यात एका गवंड्याच्या खटल्यात त्या पोलीस ठाण्याच्या बड्या साहेबाची उलटतपासणी घेणार होत्या. साक्षीदार भेटायला यायचे आणि जावई दिसला की कोपऱ्यावरूनच मागे फिरायचे. म्हणून बाईंनी पाळत उठवण्यासाठी अर्ज केला, आणि आज सकाळी कोर्टाने तो मंजूर केला. बाररूममध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली. बाई हरखून गेल्या. त्यांच्या कामात जिंकायची सवय कुणालाच नसते.

जावयाने पाणी मागितलं. निरोप घ्यायला आलोय म्हणाला. कुठल्याशा गोदामावर बदली झाली होती. ब्याद टळणार म्हटल्यावर सासूबाईंचं मन मोठं झालं. त्यांनी त्याला आत बसवलं, चहा दिला आणि टोमणाही मारला, की जावईबापू, तिथे तरी जरा हातपाय हलवा. तो हसला नाही. अर्धा कप तसाच ठेवून उठला.

बाई त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. वळणावर तो थांबला.

"मॅडम, तुमच्या आधी माझी ड्युटी त्या बातमीदारावर होती."

त्या बातमीदाराला भर दुपारी, भर बाजारात ट्रकने उडवलं होतं. तो खटला बाईच लढल्या होत्या आणि हरल्या होत्या. दारोदार फिरूनही कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तिथे होतात? तुम्ही पाहिलंत?"

"मी असतो तर पाहिलं असतं, मॅडम. म्हणून तर आदल्या दिवशी मला उठवलं."

पुढच्या आठवड्यात तारखेला जाऊ नका, असंही तो म्हणाला, पण ते पायऱ्या उतरता उतरता, मागे न बघता. त्यालाही बायकापोरं असणार.

बाई जिन्यातच उभ्या राहिल्या. सकाळचं सगळं त्यांना आता नीट दिसलं. सरकारी वकील म्हणजे म्हाताऱ्या कैद्याला चष्मा द्या म्हटलं तरी तासभर भांडणारा माणूस. आज तो खुर्चीतून हललासुद्धा नव्हता, आणि बाईंना वाटलं होतं, आपला युक्तिवादच बिनतोड झाला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

खटला सोडावा, तर गवंड्याच्या बायकोला दुसरा वकील मिळत नव्हता आणि मिळणारही नव्हता. संरक्षण मागावं, तर ते त्यांनी आधीच मागून पाहिलं होतं. जिवाला धोका असल्याचा पुरावा नाही, असं म्हणून दर वेळी सरकारने हात झटकले होते. पुरावा म्हणजे बहुधा त्यांना प्रेतच हवं होतं. घरात सासूबाई खिडकीतून रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या आणि आता जरा मोकळा श्वास घेता येईल म्हणत होत्या. बाईंनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की आई, कुणीही आलं तरी दार उघडू नका.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच बाईंनी नवा अर्ज दिला. माझ्यावर पुन्हा पाळत ठेवा. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच रस्ता. कारकुनाने तो दोनदा वाचला. काल काडीमोड मागितलात आणि आज नांदवा म्हणता, असं तो म्हणाला, आणि आजूबाजूचे वकील खो खो हसले. काल पाठ थोपटणारेही त्यात होते.

न्यायाधीशांनाही आश्चर्य वाटलं. बाईंनी बातमीदाराचं सांगितलं, पुढच्या आठवड्यातल्या तारखेचं सांगितलं. जावयाने काय सांगितलं ते मात्र गिळलं; त्याच्याही जिवाचा प्रश्न होता. उरलेलं सगळं ऐकायला नुसत्या संशयासारखं वाटत होतं. न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं विचारलं.

या वेळी सरकारी वकील उठले. त्यांनी कोट नीट केला आणि बाईंकडे पाहून अदबीने मान लववली.

"आमचा याला सक्त विरोध आहे, साहेब," ते म्हणाले. "बाईंच्या खासगी आयुष्याचा सरकार मनापासून आदर करतं."