इतवारीच्या जागेवर

थांब वो, आधी ऐक तं खरं! एकाहत्तरची लढाई चालू होती. लाखांदूरकडं तलावात मोठं जाल टाकलं होतं. गावचा रिवाज असा का, ज्या घरचा हात जाल काठावर आणंल, त्याच घरी मासोळीचा वाटा. सखाबाईचा नवरा इतवारी फौजेत. तिनं वाटा मांगतला, तं म्होरक्या मंगरू हासला, "इतवारी कुठं लढते वो? पलटनीत भात रांधते!"

"रांधणाराही सिपाहीच असते, मामाजी. तो नसला तं बंदुकवाले उपाशी मरतील," म्हणून तिनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आन इतवारीच्या जागेवर दोर धरला.

बाईचा हात जालाले! सारे मानसं दोर सोडून काठावर. सखाबाई काही सोडेना. मंग तिची शेजारीण बायाबाई उतरली, मंग एकेकाची बायको, माय, सून. वढलंच त्यायनं जाल!

वाटे पडले, घरोघर मासोळी गेली. एकटा मंगरू राहिला. त्याच्या घरी बाईच नाही, मंग जालाले हात कोणाचा? टोपली घेऊन उभा सखाबाईसमोर, मान खाली! आता सांग, तू असती तं काय केलं असतं?