तिच्या वतीने कोण?

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी साठीला टेकल्यावर पहिल्यांदाच विमा काढायचं ठरवलं. वारस एकच, चौतीस वर्षांची लेक. तिला अजून घासही भरवावा लागतो.

"मग तिच्या वतीने पैसे सांभाळणारं कुणीतरी घरचं लागेल," एजंट म्हणाला.

बाई भावाकडे गेल्या. त्याने वहिनीकडे बघितलं, वहिनीने मान खाली घातली. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, पैशाचं ठीक आहे गं, पण तिचं सगळं करणार कोण?"

आठवड्याने बाईंनी कोरा फॉर्म एजंटसमोर ठेवला.

"कुणीच तयार नाही?"

बाईंनी मान हलवली. उठता उठता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अशी एखादी पॉलिसी नसते का हो, ज्यात पोर माझ्याआधी जाईल?"