हिराजी, दमानं!

नातीच्या हळदीत डीजेनं ते जुनं गाणं लावलं आणि हिराजीनं मान खाली घातली. आता कडवं संपताच अख्खा मांडव ओरडणार, "हिराजी, दमानं!"

तरुणपणी कॅसेटच्या रेकॉर्डिंगला जोशात त्याची ढोलकी पुढं पळाली, तेव्हा मथुराताई गाता गाताच त्याच्यावर ओरडली होती. स्टुडिओची वेळ संपली आणि ते ओरडणं कॅसेटमध्ये तसंच राहिलं. गाणं तुफान गाजलं. बेंजोवाल्यांनी, ऑर्केस्ट्रांनी, रिमिक्सवाल्यांनीही ते गाण्यातलंच समजून उचललं. गावोगाव आपली चूक वाजतेय, या लाजेनं हिराजीनं मात्र ढोलकी खुंटीला टांगली.

कडवं संपायच्या आतच वीज गेली. नाचणारी पोरं हिरमुसली. हळद लावायला आलेली मथुराताई पदर खोचून उठली आणि हळदीच्या गाण्यांसाठी बायकांनी आणलेली ढोलकी तिनं हिराजीच्या मांडीवर ठेवली.

"वाजव. परक्यांच्या ढोलकीवर आपलं गाणं लई ऐकलं."

ती गाऊ लागली. हिराजीची पहिली थाप चाचरली, दुसरी खणखणली. कडव्याच्या शेवटी ढोलकी पुन्हा सुसाट सुटली. मांडव आनंदानं ओरडला, "हिराजी, दमानं!"

मथुराताईनं हात उंचावला.

"गप रे सगळे! हिराजी, पळव!"