तिघांपैकी कोणीही

एक वाजून एकोणतीस मिनिटांनी हंबीरराव इंगवल्यांनी हात वर केला आणि अकरा अंगठे अकरा फोनांवर येऊन थांबले.

"मारा!"

अकरा जणांनी एकदम इंग्लंड लावलं.

कसबा बावड्यात दुपारचा दीड म्हणजे तिकडे सकाळचे आठ. आठला तिथल्या दवाखान्याचा फोन सुरू होतो. आठ वाजून सहा मिनिटांनी त्या दिवसाच्या सगळ्या अपॉइंटमेंट संपतात. मग परत उद्या आठ. आज सातवा दिवस होता.

अपॉइंटमेंट एकच हवी होती, हंबीररावांच्या लेकीसाठी. अनुजाच्या गळ्याला गाठ आली होती. व्हिडिओ कॉलवर ती मफलर गुंडाळून बसायची. आक्कांनी, म्हणजे तिच्या आईनं, तो काढायला लावला. पहिल्या रविवारी गाठ हरभऱ्याएवढी होती. पुढच्या रविवारी बोर. परवाच्या रविवारी सुपारी.

अनुजा स्वतः डॉक्टर होती, आणि तीही त्याच दवाखान्यात. पण तिकडे डॉक्टरनं स्वतःला तपासायचं नसतं. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरनंच द्यावी लागते. दर रविवारी ती एवढंच सांगायची, "अपॉइंटमेंटच मिळत नाही, आबा."

"सोताच्या दवाखान्यात वशिला चालत न्हाय?" हंबीरराव म्हणाले होते. "कसला म्हणायचा ह्यो देश!"

आठ वाजता पोरगी पहिल्या पेशंटसमोर बसलेली असणार, मग फोन कोण लावणार? हे कोडं हंबीररावांनी स्वतःच घातलं आणि स्वतःच सोडवलं. तिला न सांगता त्यांनी गल्ली गोळा केली. दवाखान्याच्या दाराचा फोटो सुनेच्या, संयोगिताच्या मोबाइलमध्ये होता. पाटीवर चार डॉक्टरांची नावं होती. त्यातली एक लेक. राहिले तीन.

"तिघांपैकी कोनबी चालंल," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

पहिल्या दिवशी एकच फोन होता आणि त्यांचा नंबर एकोणचाळिसावा लागला. तिसऱ्या दिवशी अकरा फोन झाले आणि नंबर एकोणपन्नासावर गेला. कारण कळायला दोन दिवस लागले. हंबीररावांच्या पुढे त्यांचीच गल्ली उभी होती.

काल मात्र फोन पहिल्या झटक्यात लागला, पण शेजारच्या आकारामला. आकाराम सैन्यातून निवृत्त, इंग्रजी कामापुरतं. त्यानं रिसेप्शनवरच्या बाईला आधी नाष्टा झाला का विचारलं. बाई गहिवरली. वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं आपला गुडघा सांगितला. आकारामनं मिठाच्या पाण्याचा शेक सांगितला. तोवर आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

"परक्या बाईला एकदम कामाचंच बोलायचं व्हय?" तो कालपासून सगळ्यांना समजावत होता. "काय रीत हाय का न्हाय?"

आज त्याला फोन दिला होता, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर.

"लागला!" संयोगिता ओरडली.

दहा फोन खाली आले. तिनं स्पीकर लावला. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, गाठ सांगितली. बाई संगणकावर काहीतरी बडवत राहिली. हंबीररावांनी फोनसमोर हात जोडले. तिकडून ते दिसणार नव्हते. तरी जोडले.

"आहे म्हणतात," संयोगिता म्हणाली. "आजच. शेवटची एक वेळ."

आकारामनं दूधवाल्याच्या पाठीत असा दणका हाणला की दूधवाल्याचा फोन पडला. हंबीरराव मटकन खुर्चीत बसले.

"कोन डाक्टर हाय, इचार की."

संयोगितानं विचारलं. उत्तर ऐकलं. मग पुन्हा विचारलं.

"काय म्हनती?"

"म्हणतात, डॉक्टर खूप चांगल्या आहेत. फक्त थोडा उशीर होतो, कारण पेशंटचं सगळं ऐकून घेतात." तिनं सासऱ्यांकडे बघितलं. "डॉक्टर इंगवले."



"आपली?" आकारामला राहवलं नाही. "तिलाच तिच्याकडं धाडत्यात?"

"आनि ते तिघं?" हंबीरराव उठले. "पाटीवरचे तिघं कुठं गेले? इचार!"

"एक ऑस्ट्रेलियाला गेले," संयोगिता ऐकत ऐकत सांगू लागली. "एक स्वतःच आजारी आहेत, तीन महिने झाले. तिसऱ्यांनी डॉक्टरकी सोडून बेकरी काढली. पाव चांगला असतो म्हणतात."

"मग एवढी मानसं तपासतंय कोन?"

"ताई."

"सगळी?"

"सगळी. दिवाळीपासून."

पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव एकच आहे, हे संयोगितानं बाईला दोनदा सांगितलं. बाईला आश्चर्य वाटलं नाही. संगणकाचीही हरकत नव्हती. मागे दुसरे फोन वाजत होते. बाईनं विचारलं, वेळ ठेवायची की पुढच्याला द्यायची?

संयोगितानं फोनवर हात धरला. "चार दहा ते चार वीस. दहाच मिनिटं आहेत, आबा. तिला स्वतःला चिठ्ठीसुद्धा देता यायची नाही. काय करायचंय घेऊन?"

हंबीरराव दारात उभ्या आक्कांकडे वळले. 

"घे ती," आक्का म्हणाल्या. "तेवढी धा मिनिटं तरी तिच्याम्होरं दुसरं कोन बसायचं न्हाय."