बाणवाल्यांचा मोसम

"आज किती राहिलेत?" रावसाहेबांनी विचारलं.

"चाळीस, बाबा." अनघाने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "आज मोसमाचे अर्ज बंद होतायत. उद्यापासून आमचं कंत्राटही बंद."

"म्हणजे आजच काय ते."

"हो. आजच काय ते."

त्यांनी चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला. सासऱ्याने सुनेला सकाळचा चहा करून द्यायचा, हा शिरस्ता तिचा नवरा क्षितिज अमेरिकेला गेल्यापासूनचा. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, तेलाच्या कारखान्यात, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस घरात कधी आवाज चढवून बोलला नव्हता, आणि सुनेला तर त्याने लेकीच्या वर जपलं होतं.

अमेरिकेतल्या एका राज्याचं शिकारपरवान्यांचं तपासणीकाम सिंगापूरच्या एका कंपनीकडे आलं होतं. अनघा ते घरी बसून करायची. तिच्या वाट्याला धनुष्यबाणाने हरणं मारणाऱ्यांचे अर्ज. नियम तिला हरिपाठासारखे तोंडपाठ. बंदूकवाल्यांच्या आधी बाणवाल्यांचा मोसम उघडतो. त्यांना धनुर्विद्येच्या वेगळ्या अभ्यासक्रमाचा दाखला लागतो. सहा महिने त्या राज्यात राहिलेला असेल तर रहिवाशाचा परवाना, नाहीतर पाहुण्याचा. अर्जात काही खोट निघाली की संगणक तो बाजूला काढतो, आणि असे बाजूला काढलेलेच तेवढे तिच्यापुढे येतात. बिनचूक अर्ज तिला दिसत नाहीत. नावाने शोधायची मुभा नाही. दैवात असेल ते समोर यायचं.

माळकऱ्याच्या घरातल्या सुनेने हे काम का धरलं? क्षितिजसाठी. तीन वर्षांपूर्वी "दिवाळीला येतो" म्हणून तो त्याच राज्यात प्रकल्पावर गेला. सहा महिने फोन येत राहिले. शेवटच्या फोटोत त्याच्या हातात धनुष्य होतं आणि मागे रानाची कड. त्यानंतर काहीच नाही. कंपनी म्हणाली, राजीनामा देऊन गेले. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आहे, स्वतःहून गेला असेल. यंदा जूनमध्ये सिंगापुरातलंच बिशानचं घर विकून ते तिघं पुंगोलला आले, तेव्हा नवा पत्ता आणि सगळ्यांचे नवे नंबर तिने त्याच्या जुन्या मेलवर कळवले. मेल जसाच्या तसा परत आला.

माणूस जिवंत असेल आणि धनुष्य सुटलं नसेल, तर कधीतरी परवाना काढेलच. एवढ्याच काडीला धरून ती तीन मोसम तरंगत होती.

रावसाहेबांना हे काम सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. "मुक्या जिवांना मारायच्या चिठ्ठ्या देतेस, बाळ," ते म्हणाले होते. "आपल्याला हे शोभतं का? बिशानला आपल्या ओळखीतल्या सुबोधचा गणिताचा क्लास आहे. शब्द टाकू का त्याच्याकडे?"

शब्द टाकलाही त्यांनी, दोनदा. ती बधली नाही, तेव्हा त्यांनी विषय सोडला. पण रोज चहा ठेवताना हळूच विचारायचे, "आलं का गं आपल्या माणसाचं नाव?" ती "नाही" म्हणाली की डोळे मिटून "पांडुरंग, पांडुरंग" म्हणायचे आणि मग आपला चहा प्यायचे. म्हाताऱ्या बापाची एवढी आस बघून तिला वाटायचं, आपण कोण आशा सोडणाऱ्या?

एकता दप्तर पाठीवर टाकून बाहेर आली. अनघाची अकरा वर्षांची पोर, बाप आता फोटोपुरताच उरलेला. "ममा, नसेल नाव तर नसेल, लाह," ती इथल्या सिंगापुरी पोरांच्या ढंगात म्हणाली.

"आजोबांसमोर असं बोलू नये."

"आजोबा कुठे रडतात? ओन्ली यू."

"जा आता, एलआरटीची गाडी चुकेल," रावसाहेब म्हणाले, आणि तिला पोचवायला लिफ्टपर्यंत गेले.

मागच्या रविवारी ते तिघं कीर्तनाला गेले होते. बुवांनी उत्तररंगाला व्याध आणि हरिणीचं आख्यान लावलं. हरिणी म्हणते, पाडसांना एकदा भेटून येते, मग खुशाल बाण सोड. व्याध तिला जाऊ देतो, आणि पहाटे ती दिल्या शब्दाला जागून परत येते. बुवांनी ते पद असं काही आळवलं की सभा हुंदक्यांनी भरून गेली. जनावर शब्द पाळतं, आणि माणूस दिवाळी म्हणून जातो, या विचाराने अनघाला पदर तोंडाशी धरावा लागला. वळून पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी. रावसाहेब बाहेर पाण्याच्या नळाशी पाठमोरे उभे होते. बापाचं काळीज, तिला वाटलं, नाही ऐकवलं.

दुपारपर्यंत तीस झाले. कुणाचा दाखला जुना, कुणाची सही राहिलेली, एकाने तर जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख घातलेली. पस्तीस. सदतीस. बाहेरच्या खोलीत रावसाहेबांच्या फोनवर कीर्तन लागलं होतं.

अडतिसावा अर्ज उघडला आणि तिचे हात थांबले.

क्षितिज रावसाहेब सबनीस. जन्मतारीख तीच. सहीची शेवटची रेघ तशीच खाली ओढलेली. राज्याचा रहिवासी. धनुर्विद्येचा अभ्यासक्रम उत्तीर्ण.

"बाबा," तिने हाक मारली. बाहेर मृदंग चालूच होता.

त्यांना हाताला धरून आणावं, खुर्चीवर बसवून दाखवावं म्हणून ती उठली. उठता उठता सवयीने नजर लाल चौकटीवर गेली. संगणकाने हा अर्ज कशासाठी अडवला, ते तिथे लिहिलेलं असे.

अडचणीच्या वेळी कळवायचं माणूस: वडील. फोन नंबर अपुरा, दहा आकडे हवेत, आठच दिले आहेत.

सिंगापूरचे नंबर आठच आकड्यांचे असतात. तिने ते एक एक करून वाचले. जूनमध्ये पुंगोलला आल्यावर तिनेच बाबांना घेऊन दिलेला नंबर होता तो.