सुटीतली मीटिंग

रात्रभर चार्जिंगला लावलेला हेडसेट दीप्तीने कानावर चढवला, तर तो मुका. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. अकराला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल होता आणि अकरा वाजायला आले होते.

घोळ चार्जरचा होता. नवऱ्याने, अंकुशने, मागच्याच आठवड्यात सदरच्या बाजारातून आणलेला, विटेएवढा जाड, वायरच्या दोन्ही टोकांना सारखीच पिन. फोन त्यावर बघता बघता टम्म भरायचा, म्हणून तिने हेडसेटही त्यालाच लावला. दिवा लागलाय का, हे बाळाच्या रडारडीत बघायचं राहून गेलं. हेडसेटला तो चालतच नव्हता; नाव मोठं, लक्षण खोटं. तिने ड्रॉवर उपसला. एक पिन रुंद, दुसरी जुन्या फोनची, तिसऱ्या वायरच्या आतल्या तारा बाहेर आलेल्या. साधे इअरफोन लावावे, तर नव्या फोनला त्याचं भोकच नव्हतं.

हेडसेटशिवाय बोलायचं कसं? भिंतींनाही कान असतात म्हणतात. हुडकेश्वरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तर मध्ये धड दारही नव्हतं, नुसता पडदा, आणि पडद्यापलीकडे सासूबाई, पंचफुलाबाई. अंकुश ड्युटीवर गेला की घरात ती, तान्हा गोलू आणि पंचफुलाबाई. दर बुधवारी ती ‘ऑफिसची मीटिंग आहे’ म्हणून बाळ त्यांच्याकडे द्यायची आणि पडद्याआड बसायची. डॉक्टर सुमतींचे प्रश्न फक्त तिच्या कानात यायचे. इकडून ती ‘हो’, ‘नाही’, ‘कधी कधी’, एवढंच बोलायची. ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारीला साहेब झापतोय.

झापत कोणी नव्हतं. गोलूला न्हाऊ घालताना, त्याचा लंगोट बदलताना तिच्या मनात एकदम यायचं, आपलेच हात याला काहीतरी करतील. तिला काही करायचं नव्हतं. जीव की प्राण होता तो. म्हणूनच तिचे हात गार पडायचे. हे या घरात कळलं, तर लेकरू पुन्हा आपल्या मांडीवर कोणी देणार नाही, याची तिला धास्ती होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं अनेकींना होतं, उपचार असतो. पण ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरच्यांना कोण सांगणार?

चार्जर उरला होता एकच, सासूबाईंचा. ती पडदा सारून बाहेर आली. पंचफुलाबाई गोलूला पायांवर झोके देत होत्या.

“आई, तुमचा चार्जर द्या ना जरा. मीटिंग आहे.”

“अंकुशनं येवढा मोठा आणला ना वं? त्याले काय झालं?”

“त्याच्यानं हे चार्ज होऊन नाही राहिलं.”

“मंग घे माहा.” त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. “हापिसानं बाळंतपणाची सुटी तं देल्ली म्हणते, अन् मीटिंगा काई संपून नाही राहिल्या.”

दीप्ती कशीबशी हसली. चार्जर पिवळा पडलेला, चपटा, सासूबाईंच्या फोनबरोबर आलेला. लावल्याबरोबर हेडसेटवर लाल ठिपका उमटला. तिला रडूच यायचं बाकी राहिलं. चार्जिंगला असताना हेडसेट चालत नसे, म्हणून जेवढा भरेल तेवढा भरू दे म्हणत ती त्या ठिपक्याकडे टक लावून उभी राहिली. फोन वाजला तशी तिने वायर उपटली.

“आज बरी झोप झाली का?” डॉक्टरांनी कानात विचारलं.

“नाही.”

“अंकुशशी बोललात?”

“नाही.”

“घरात आणखी कोणी आहे, ज्यांना सांगता येईल?”

पडद्यापलीकडून सासूबाईंचं गोलूशी लाडिक बोलणं ऐकू येत होतं. “नाही,” दीप्ती म्हणाली.

कानात बारीक टूं वाजलं. बॅटरी संपत आली होती. “मॅडम, जरा लवकर,” ती पुटपुटली. पुन्हा टूं झालं, मग हेडसेटने मान टाकली, आणि डॉक्टरांचा आवाज फोनमधून खणखणीत बाहेर पडला.

“दीप्ती, आपल्या हातून बाळाला इजा होईल, हा विचार या आठवड्यात किती वेळा आला?”

तिने झटकन फोन गादीवर पालथा घातला. त्याने काय होणार होतं? पलीकडचं लाडिक बोलणं थांबलं होतं.

पडदा सरकला. पंचफुलाबाई गोलूला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. दीप्ती भिंतीला टेकली.

“आई, तसं नाही. मी त्याला काही...”

“दीप्ती, ऐकू येतंय का?” गादीतून डॉक्टर विचारत होत्या.

पंचफुलाबाई दीप्तीशेजारी येऊन बसल्या आणि गोलूला त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं. दीप्तीने हात मागे घेतले. सासूबाईंनी ते दोन्ही हात धरून बाळाभोवती आणले आणि वर आपला हात ठेवला. मग दुसऱ्या हाताने फोन उताणा केला. फोनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे त्या जराशा बघत राहिल्या, पण बोलल्या त्या सुनेशीच, अगदी हळू.

“अंकुश झाला तवा घरातली विळी मी शेजारणीले देऊन टाकली होती. भाजी तिच्या घरूनच चिरून आणत होती. सासू म्हणे, काहून वं? मी म्हणो, धार गेली तिची.”